सीझन असो नसो, धंदा लोकांच्या नजरेसमोर कसा ठेवायचा: कोकणातल्या नवीन धंदेवाल्यांसाठी

आपल्याकडे धंदा सुरू करणं आता पूर्वीएवढं कठीण राहिलेलं नाही. घरात दोन खोल्या रिकाम्या असल्या की होमस्टे होतो, बाग असली की आंबा थेट मुंबईच्या गिऱ्हाइकाला जातो, बचत गटातल्या चार बायका एकत्र बसल्या की मसाला, आगळ, कुळीथ पीठ तयार होतं. कठीण आहे ते त्याच्या पुढचं. मे महिन्यात फोन उचलायला हात रिकामा नसतो आणि जुलैत फोन वाजतच नाही, मग गणपती जवळ आले की घाईघाईत रोज तीन-तीन पोस्ट, आणि विसर्जन झालं की पुन्हा सगळं शांत.

मी कोकम आणि मसाल्याचा छोटा धंदा करते, आणि आसपास जे नव्याने सुरू करतायत त्यांना हे मार्केटिंगचं काम लावून द्यायला मदत करते. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. लोकांचं मार्केटिंग बंद पडतं कारण त्याचा बेत रिकाम्या दिवसात, उत्साहात ठरवलेला असतो, रोज एक रील वगैरे, आणि पेटी भरायच्या दिवसात तो कोणालाच झेपत नाही. बेत ठरवायचा तो सगळ्यात गडबडीचा आठवडा डोळ्यासमोर ठेवून. खाली जे काही सांगतेय ते सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे, आणि शक्यतो ह्याच क्रमाने करा.

१. आधी एक वस्तू आणि एक गिऱ्हाईक धरा

तुमच्याकडे दहा गोष्टी असतील, पण लोकांच्या डोक्यात एकच बसते. "त्या आमसुलंवाल्या ताई", "तो समुद्राजवळचा होमस्टे, जिथे घावणे मिळतात", असं. तेवढं बसलं की बाकीचं आपोआप विकलं जातं.

गिऱ्हाईक आपल्याकडे ढोबळमानाने तीन प्रकारचं: मुंबई-पुण्यातला चाकरमानी, फिरायला येणारा पर्यटक, आणि इथलाच हॉटेलवाला किंवा दुकानदार. तिघांशी बोलायची पद्धत वेगळी आणि वेळ पण वेगळी. चाकरमान्याला चव माहीत आहे, त्याला फक्त "तयार झालं" एवढं कळलं तरी पुरे. पर्यटकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. हॉटेलवाल्याला फोटोत काही इंटरेस्ट नाही, त्याला दर आणि माल दर आठवड्याला मिळेल का एवढंच हवं. पहिलं वर्षभर तिघांपैकी एकालाच धरा, दुसरा आला तर नाही म्हणू नका, पण मेहनत एकासाठीच घ्या.

२. कोकणाचं वर्ष एका कागदावर काढा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या नाहीतर वहीचं मधलं पान घ्या, बारा महिने लिहा, आणि प्रत्येक महिन्यापुढे दोन गोष्टी लिहा: त्या महिन्यात आपल्याकडे काय तयार होतं, आणि त्या महिन्यात आपलं गिऱ्हाईक काय ठरवत असतं. ह्यातली दुसरी गोष्ट कोणी लिहीत नाही आणि खरी ताकद तिच्यातच आहे.

म्हणजे बघा. पाऊस गेला की नोव्हेंबरपासून थंडी पडायला लागते, मोहोर दिसायला लागतो, गावोगाव जत्रा आणि दशावतार सुरू होतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पर्यटकांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर येतात, दिवस अगदी थोडे, आणि मुंबईकर त्याच्यासाठी जीव टाकतात. कुणकेश्वरची महाशिवरात्र, मग शिमगा आणि पालख्या. मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांची पिल्लं बघायला लोक येतात, पण पिल्लं नेमकी कधी बाहेर येणार हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे त्या भागातल्या होमस्टेवाल्यांना "आज काय स्थिती" हे सांगण्याचं एक आयतं कारण रोज मिळतं. मार्चच्या शेवटापासून हापूस, अक्षय तृतीयेला मागणी एकदम वर. एप्रिल-मे म्हणजे रातांबे, फणस, साठं, मसाला कुटणं, सुकी मासळी, सगळी पावसाची बेगमी. मग जून.

आता दुसरी बाजू. गणपतीला गावी यायचं हे चाकरमानी गणपतीच्या आठवड्यात ठरवत नाही, तो रेल्वेचं तिकीट निघतं तेव्हा ठरवतो. आधी रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे त्या आसपासची तिकिटं जुलैच्या मध्यावर उघडणार. त्या आठवड्यात घराघरात एकच विषय असतो, किती जण जाणार, किती दिवस, गाडी मिळाली का. तुमचा मेसेज तेव्हा जायला हवा: "गणपतीला गावी येताय ना, मोदकाचं पीठ, मसाला, आगळ काय हवं ते आत्ता सांगून ठेवा, घरपोच ठेवते." सप्टेंबरमध्ये पाठवलात तर त्यांनी दादर मार्केटमधून सामान घेऊन झालेलं असतं. होमस्टेवाल्यांनी पण हाच हिशोब धरा, दिवाळीची आणि नाताळची चौकशी त्या-त्या दिवसांची तिकिटं उघडतात त्या सुमारास सुरू होते.

काही तारखा मात्र पेन्सिलने लिहा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा दरवर्षी कौल घेऊन ठरते, तारीख छापील कॅलेंडरमध्ये आधी मिळत नाही. ती जाहीर झाली की लगेच मुंबईतल्या मालवणकरांचे फोन सुरू होतात, तर त्या दिवसासाठी मेसेज आधीच लिहून ठेवायचा, फक्त तारीख घालायची आणि पाठवायचा. आंब्याचं पण तेच, मोहोर पुढे-मागे झाला की सगळं सरकतं.

पावसाळ्याचे महिने रिकामे सोडू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, हे खरं आहे, पण गिऱ्हाईक तेव्हा झोपलेलं नसतं. आमसूल, सोलकढीचं आगळ, पापड, सुकट, कुळीथ हे सगळं पावसातच आठवतं. आणि ज्यांना शांत हिरवं कोकण बघायचंय असे पर्यटक दरवर्षी येतातच, त्यांना समुद्रात उतरता येणार नाही हे स्पष्ट सांगून बोलवा.

३. सगळ्यात वाईट आठवड्यात जमेल एवढंच रोजचं काम ठरवा

डोळ्यासमोर मे महिन्याचा दुसरा आठवडा आणा. घरात पाहुणे, बागेत गडी, कुरिअरवाला दारात, लाईट गेलेली. त्या आठवड्यात तुम्ही काय करू शकाल? माझ्या मते एवढं:

- आठवड्यातून दोनदा व्हॉट्सॲप स्टेटस, जे काम चाललंय त्याचा साधा फोटो
- आठवड्यातून एकदा गूगलवर एक फोटो
- रोज रात्री राहिलेल्या मेसेजना आणि मिस्ड कॉलना उत्तर

बास. एवढंच तुमचं वर्षभराचं बांधलेलं काम. ह्याच्यावर जे कराल, रील, व्हिडिओ, लांबलचक पोस्ट, ते वरकड, जमलं तर करा, नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. पण हे तीन मात्र ढगफुटी झाली तरी.

वेळ पण ठरवून टाका, आणि ती आधीपासून असलेल्या एखाद्या कामाला बांधा. "वेळ मिळेल तेव्हा" म्हटलं की कधीच होत नाही. तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी असतो त्या वारी बाजारातून आल्यावर एक स्टेटस, रात्री भांडी आवरून झाली की मेसेज, असं. आमच्या इथल्या एका वहिनींनी आमसुलं उन्हात घालायच्या वेळेला फोटो काढायचा नेम केला, मुद्दाम वेगळा वेळ काढायलाच लागला नाही त्यांना, आणि त्यांचं स्टेटस बघून मुंबईतल्या लोकांना सवय लागली, सकाळी आमसुलं दिसली नाहीत तर विचारतात आज ऊन नाही का म्हणून.

४. गूगलवरची जागा एकदा नीट करून टाका

हे एकदा बसून करायचं काम आहे, अर्धा दिवस जाईल. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नाव, फोन, वेळ, फोटो भरायचे आणि पडताळणी करायची, आता बहुतेक वेळा व्हिडिओ काढून मागतात, त्यात तुमचा बोर्ड, आजूबाजूचा रस्ता, आतलं सामान दिसलं पाहिजे. बोर्ड नसेल तर आधी साधा का होईना बोर्ड लावा.

नकाशावरची पिन स्वतः गेटवर उभं राहून बरोबर लावा. आपल्याकडे वाडीत घर आत असतं, पिन भलत्याच ठिकाणी असली की रात्री साडेदहाला पाहुणे कोणाच्या तरी आंगणात गाडी घालतात. गाडी कुठपर्यंत येते, पुढे किती चालायचं, हे माहितीत लिहा. पावसात होमस्टे बंद ठेवत असाल तर प्रोफाइलवर "तात्पुरतं बंद" करता येतं, ते करा आणि सुरू कराल तेव्हा आठवणीने काढा. हे काढायचं कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणजे विसरणार नाही.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. पाहुणा खुश होऊन निघाला की त्याच दिवशी लिंक पाठवा, चार दिवसांनी तो मुंबईच्या लोकलमध्ये असतो. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात बसत नाही. आणि कोणी वाईट लिहिलं तर भांडू नका, दोन ओळीत काय झालं आणि काय सुधारलं ते लिहा, ते पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

५. व्हॉट्सॲप बिझनेस: इथेच खरा धंदा होतो

इन्स्टाग्राम बघायला छान आहे, पण आपल्याकडची ऑर्डर शेवटी व्हॉट्सॲपवरच येते. म्हणून साधं व्हॉट्सॲप वापरत असाल तर बिझनेस ॲप घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग बनवा: प्रत्येक वस्तूचा एक फोटो, वजन, दर. "रेट काय?" ह्या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा टाइप करून उत्तर देण्यातच लोकांचा जीव जातो आणि मग ते उत्तर द्यायचंच सोडतात. क्विक रिप्लायमध्ये पाच-सहा उत्तरं साठवून ठेवा: दर, कुरिअर किती दिवसात, पैसे कसे पाठवायचे, होमस्टेला यायचा रस्ता, जेवणात काय. बाहेर असाल तेव्हाचा ऑटोमॅटिक मेसेज लावा, पण त्यात खरी वेळ लिहा: "बागेत आहे, रात्री आठनंतर उत्तर देते."

ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना वेगवेगळा पाठवायची यादी, हिच्याबद्दल नवीन लोकांचा मोठा गैरसमज असतो. एका लिस्टमध्ये २५६ नंबर जातात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तुम्ही त्यांचा सेव्ह केला असून उपयोग नाही. म्हणजे पहिलं काम, लोकांनी तुमचा नंबर सेव्ह करणं. प्रत्येक पेटीत, प्रत्येक पाकिटात एक छोटी चिठ्ठी घाला: "हा नंबर सेव्ह करा, पुढचा माल तयार झाला की कळवते." होमस्टेवाल्यांनी पाहुणे निघताना स्वतः सांगा. ही चिठ्ठी महागड्या पोस्टरपेक्षा जास्त काम करते, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

लिस्ट वेगवेगळ्या करा: आंबेवाले, मसालेवाले, पाहुणे. सगळ्यांना सगळं पाठवलं की लोक ब्लॉक करतात. महिन्याला दोन ब्रॉडकास्ट पुष्कळ झाले, सीझनमध्ये आठवड्याला एक. सकाळचे "शुभ प्रभात"चे फुलांचे फोटो धंद्याच्या नंबरवरून अजिबात नको, कृपा करून. ग्रुपवर लोकांना न विचारता ॲड करणं पण नको.

अजून एक. एका व्हॉट्सॲपला मुख्य फोन सोडून चार डिव्हाइस जोडता येतात. मुलगा किंवा सून मुंबईत असेल तर त्यांच्या लॅपटॉपवर जोडून द्या. तुम्ही पेट्या भरत असताना ते उत्तरं देतील. घरातल्या कोणी कुठलं काम करायचं हे मात्र बोलून ठरवा, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोन वेगळे दर जातात.

६. सीझनमध्ये फोटो साठवा, पावसात वापरा

आपण कोठीत आमसुलं भरून ठेवतो तसे फोटो भरून ठेवायचे. मे महिन्यात कामाच्या मध्येच दहा-दहा सेकंदाचे व्हिडिओ काढा, टाकायची घाई नको. मोहोर, कणी, कैरी, घळाने काढलेला आंबा, आढी, पेंढ्यात लावलेली पेटी. रातांबे फोडताना लाल झालेले हात, सालं रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात घालणं. मिरच्या भाजताना, मसाला कांडपाला नेताना. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या जेवणाची ताटं, सकाळचा समुद्र, विहीर, रात्रीचं अंगण. पाहुण्यांचे चेहरे दिसत असतील तर विचारून घ्या.

फोनमध्ये एक वेगळा अल्बम करा आणि महिन्याच्या नावाने ठेवा, नाहीतर लग्नाच्या फोटोंमध्ये सगळं हरवतं. मग जूनमध्ये बाहेर पडता येत नाही, नेटवर्क आज आहे उद्या नाही, तेव्हा ज्या दिवशी नेट चांगलं असेल त्या दिवशी मेटा बिझनेस सूटमध्ये बसून पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट शेड्यूल करा. त्यांच्या त्या वेळेला जातात, तुमच्याकडे लाईट असो नसो.

फक्त एक पाळा: मे महिन्यातला फोटो जुलैत टाकताना "मे महिन्यात सालं सुकवताना" असं लिहा. आत्ताचा म्हणून टाकू नका.

७. लिहायचं काय

नवीन माणूस इथे अडकतो. त्याला वाटतं काहीतरी भारी लिहायला हवं, मग नेटवरची इंग्लिश वाक्यं नाहीतर "निसर्गाच्या कुशीत" सुरू होतं. गिऱ्हाइकाला काय हवंय ते लिहा: काय आहे, कसं केलंय, किती वजन, किती दर, कधी मिळेल, कसं मागवायचं. आपण दारात आलेल्या माणसाला जसं सांगू तसंच.

असं:

"ह्या वर्षीची आमसुलं तयार झाली. आमच्याच झाडांचे रातांबे, रसाची पुटं देऊन उन्हात सुकवलेली. पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं आहेत, दर कॅटलॉगमध्ये बघा, कुरिअर वेगळं. हवी असतील तर नुसतं आमसूल असं लिहून पाठवा."

किंवा होमस्टेसाठी: "पुढच्या शनिवार-रविवारी एक खोली रिकामी आहे. दोन मोठे आणि दोन मुलं आरामात राहतात. पाऊस आहे, समुद्रात उतरता येणार नाही, पण व्हरांड्यात बसून दिसतो. जेवण घरचं, मासे मिळतील तसे, शाकाहारी रोज."

किंवा नुसती बातमी, विकायचं काहीच नाही: "आज पहिल्यांदा मोहोर दिसला. थंडी टिकली तर एप्रिलमध्ये बोलू." असले मेसेज वर्षभर जात राहिले की लोकांना तुमच्या बागेत काय चाललंय ह्याची गोडी लागते, आणि दर सांगायची वेळ येते तेव्हा घासाघीस कमी होते. माझ्या मते चारातले तीन मेसेज असे असावेत आणि एकच विक्रीचा.

मालवणीत लिहिता येत असेल तर चाकरमान्यांना मालवणीत लिहा. पर्यटकांसाठी साधी मराठी, जमल्यास हिंदीत एक ओळ.

८. वही

हो, कागदाची वही. गिऱ्हाइकाचं नाव, मुंबईत कुठे राहतात, मूळ गाव कुठलं, काय घेतलं, कधी घेतलं, आणि आपल्याबद्दल कुठून कळलं. हा शेवटचा रकाना सोडू नका. प्रत्येक नवीन माणसाला विचारा, "तुम्हाला नंबर कोणी दिला?" दोन-तीन महिन्यात कळतं की लोक कुठून येतायत. बऱ्याचदा निघतं की रीलवर मेहनत चाललीय आणि गिऱ्हाईक मात्र एखाद्या सोसायटीतल्या काकूंच्या सांगण्यावरून येतंय. मग त्या काकूंना पहिला डझन पाठवा, आणि रीलचा वेळ कमी करा.

वहीचा दुसरा उपयोग म्हणजे जुनं गिऱ्हाईक. नवीन माणूस आणायला जेवढी खटपट लागते त्याच्या मानाने जुन्याला एक फोन पुरतो. दर महिन्याला वहीतली दहा नावं घ्या आणि एकेकाला स्वतंत्र मेसेज करा, नाव घेऊन: "दादा, मागच्या वर्षी तुम्ही मसाला दोन किलो नेला होता, ह्या वर्षी कांडप पुढच्या आठवड्यात आहे, ठेवू का?" तिखट कमी लागतं, आजींना मऊ आंबा लागतो, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असलं काही कळलं की वहीत लिहा. पुढच्या वेळी तुम्हाला ते लक्षात आहे हे बघून माणूस कायमचा तुमचा होतो.

९. नाव आणि खरेपणा

हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर ह्या जिल्ह्यांसाठी. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला पण जीआय आहे. ते चिन्ह पाकिटावर किंवा पोस्टवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती करून घ्या. दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाईक त्यामुळे आधीच धास्तावलेलं असतं. त्याला तुमच्या बागेचा फोटो, काढणीची तारीख, तुमचा चेहरा दिसला की ते तुमच्याकडे टिकतं. ही गोष्ट वर्षभर दिसत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. सीझनला उगवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ज्याचा मोहोर डिसेंबरपासून बघितलाय त्याच्यावर ठेवतात.

खाण्याच्या वस्तू विकत असाल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर लेबलवर हवाच, आणि कॅटलॉगच्या फोटोत तो दिसू द्या. होमस्टे पर्यटन खात्याकडे नोंदवलेला असेल तर तसं लिहा.

माल संपला तर संपला म्हणा. आंबा तयार नसेल तर चार दिवस थांबा म्हणा.

१०. खंड पडला तर

पडणारच. घरात आजारपण येतं, लग्न येतं, वादळ येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा झाडावरचा आंबा पाडला. अशा वेळी कसलं मार्केटिंग असं वाटतं, बरोबर आहे, पण ज्यांनी पैसे भरलेत त्यांना एक मेसेज जायलाच हवा: आम्ही सुखरूप आहोत, माल असा असा आहे, पैसे परत हवेत की पुढचा माल चालेल. एवढं केलं तरी माणसं तुटत नाहीत.

साधा खंड असेल, नुसतं राहून गेलं असेल, तर माफीची पोस्ट लिहू नका, राहिलेलं भरून काढायला एका दिवसात दहा पोस्टही नको. मुद्दा तीनमधल्या कामांपैकी एक आज करा, आजच्या कामाचा एक फोटो, झालं. लोकांनी तुमचा खंड मोजलेला नसतो.

११. पैसे देऊन जाहिरात

पहिल्या वर्षी गरज नाही. करायचीच तर हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी, थोडे पैसे, फक्त मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर असा भाग निवडून, आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर नेणारं ठेवा. कॅटलॉग आणि क्विक रिप्लाय तयार नसतील तर आलेले मेसेज तसेच पडून राहतील, पैसे पाण्यात. महिन्याला अमुक इतके फॉलोअर देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, ते फॉलोअर आमसूल खात नाहीत.

१२. लावणी उरकली की वही उघडा

जुलैत, गणपतीची तिकिटं उघडायच्या आधी, एक संध्याकाळ ह्याला द्या. वही आणि ते कॅलेंडर दोन्ही समोर घ्या. कुठल्या महिन्यात मेसेज गेलेच नाहीत ते बघा आणि का ते बाजूला लिहा. कुठून किती लोक आले ते मोजा. कुठल्या वस्तूची चौकशी झाली पण विक्री नाही झाली, तिथे दर जास्त होता, पाकीट मोठं होतं की कुरिअर महाग पडलं ते दोन-तीन गिऱ्हाइकांना सरळ फोन करून विचारा, लोक सांगतात. ज्यांनी मागच्या वर्षी घेतलं आणि ह्या वर्षी नाही अशी नावं वेगळी काढा, गणपतीचा पहिला मेसेज त्यांना जाऊ दे. मग एक काम कमी करा जे उगाच चाललं होतं, एकच नवीन वाढवा, आणि नवीन वर्षाचं पान काढून तारखा भरायला घ्या, आंगणेवाडी पेन्सिलने.